मृगाआधी शेड उघडताना

रोहिणी लागल्यात. ऊन चढायच्या आत शेतातल्या पत्र्याच्या शेडचं दार सताड उघडा आणि बाहेरच उंबऱ्याशी बसा. लगेच काही उचलू नका. बारदानाचा, उंदरांचा, गेल्या हंगामातल्या औषधांचा वास आधी निघून जाऊ द्या. (वास फारच उग्र असेल तर चार पावलं लांब बसा, दीर्घ श्वास घ्यायची ही जागा नाही.) डोळे आतल्या अंधाराला सरावू द्या.

मग काठी घ्या. पाइपांवर, रिकाम्या पोत्यांवर आपटा आणि थांबा. उन्हाळ्यात घोणस अशाच गारव्याला येते. तिला वाट द्या, वेळ द्या.

आता तिफणीचं चाडं हातात घ्या. त्याच्या आतून बोट फिरवा. बी सोडून सोडून लाकूड गुळगुळीत झालंय. तुमच्या घरात चाड्यावर मूठ कोण धरायचं? आई, चुलती, आजी? तो हात आठवा. दाणे ना दाट ना विरळ, बैलांच्या चालीनं सुटणारे. घाई करू नका, इथं रेंगाळा. मग स्वतःला विचारा: बैल विकले, पेरणी ट्रॅक्टरवर आली, तर चाडं इथं कशासाठी? ‘लागेल कधीतरी’ हे उत्तर आलं तर ते खरं नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आठवण म्हणून हवं असेल तर खुशाल घरी न्या, पुसून ठेवा. इथं त्याला भुंगा खाईल.

कुरतडलेल्या ठिबकच्या नळ्या भंगारात. त्यावर मनन नको.

औषधांचे डबे एकेक करून उजेडात धरा. लेबलवर लाल त्रिकोण असेल तर ते अतिविषारी. मुदत वाचा. संपली असेल तर मनात पहिल्यांदा पैसे येतील, साहजिक आहे. येऊ द्या, पण त्या हळहळीपोटी फवारू नका आणि ओढ्यात तर मुळीच ओतू नका. कुलूपबंद वेगळं ठेवा, सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

शेवटी घरचं सोयाबीन. पोतं आपटू नका. या बियाण्याचं साल पातळ असतं, आपटलं की उगवण मोडते. मूठभर काढा, न निवडता शंभर दाणे मोजा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी मांडा. प्रत्येक दाण्याला बोट लागू द्या. वर्षभरात त्यांच्याकडे इतकं निवांत कोणी पाहिलेलं नसतं. गुंडाळी करून सावलीत ठेवा, ओल टिकवा. आठवड्यानं उघडून चांगले कोंब मोजा. 70 किंवा जास्त असतील तर बी पेरणीजोगं आहे. थोडे कमी भरले तर एकरी बियाणं वाढवा. फारच कमी भरले तर ते बी पेरू नका.

पोती परत लावताना जमिनीवर टेकवू नका. फळ्यांवर, भिंतीपासून हातभर सोडून रचा. खतं आणि औषधं बियाण्याजवळ नकोत. मृग 7-8 जूनला लागतो आणि उगवण कळायला आठवडा जातो. बाकी आवराआवर उद्यावर गेली तरी चालेल, गोणपाट मात्र आजच भिजवा.