मालकाची माया आणि खंडोबाचा वार

मालक देवमाणूस असेल, तर कामगाराला हक्क कशाला हवेत?

मलकापूर-कऱ्हाडकडून मिरजेला जाताना रेल्वेमार्गावर किर्लोस्करवाडी लागते. 1910 साली औंध संस्थानातल्या या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना आणि कामगारांची वसाहत उभारली. शिक्षा भोगून आलेल्या दरोडेखोरांनाच त्यांनी पहाऱ्यावर नेमलं! पुढच्याच वर्षी अमेरिकेत फ्रेडरिक टेलरचं शास्त्रीय व्यवस्थापनावरचं पुस्तक आलं; तिथे कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजायची होती. त्यापुढे वाडीची माया केव्हाही उजवी. पण माया आटली, तर दाद कुणाकडे मागायची?

सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 मध्येच मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र आणून आठवड्याची सुट्टी मागितली होती. रविवार खंडोबाचा वार, असा त्यांचा युक्तिवाद असल्याचं सांगतात. कऱ्हाड तालुक्यातल्या पालला भंडारा उधळणाऱ्यांना तो फोड करून सांगावा लागला नसता. देवाच्या नावावरची सुट्टी मालकाच्या मेहेरबानीत बसत नाही, ही त्यातली खरी मेख. 10 जून 1890 रोजी गिरणीमालक नमले.

कामगार संघटनांना कायद्याचं संरक्षण मिळायला मात्र 1926 उजाडलं.