शिडी उलटी धरली तरी शिडीच

मोठ्या कंपन्यांत हल्ली ‘रिव्हर्स मेंटॉरिंग’चे कौतुक चालते. पंचविशीतल्या कर्मचाऱ्याने पन्नाशीतल्या साहेबाला नवे तंत्रज्ञान शिकवायचे. १९९९ मध्ये जॅक वेल्च यांनी जनरल इलेक्ट्रिकमधल्या सुमारे ५०० वरिष्ठांना इंटरनेट शिकायला तरुणांकडे धाडले, तेव्हापासून ही प्रथा गाजली. प्रथा उपयोगाची आहे. खटकते ते तिला पिढ्यांमधली मैत्री म्हणणे. शिडी उलटी धरली तरी ती शिडीच. शिकवणी संपली की नातेही संपले.

उलट्या शिडीचे आपल्याला नवल नाही. वयोवृद्ध चांगदेवाने कोवळ्या मुक्ताईला गुरू केल्याची कथा घरोघरी ठाऊक आहे. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला मित्रासारखे वागवावे, हे चाणक्याच्या नावावरचे वचन तर पालकसभांत ठरलेलेच. पण त्यातला ‘सारखे’ कोणी ऐकत नाही. वागवणारा तिथे बापच असतो. एकत्र कुटुंबात आजोबा-नातवाची मैत्री होती आणि मोबाइलने ती मोडली, हे रडगाणेही म्हणूनच अर्धे खरे. माया होतीच, पण आजोबांचे नातवाच्या मतावाचून काही अडत नव्हते. मैत्रीला दोघांचेही अडावे लागते, आणि तेही एकाच कामात.

असे अडण्याची सोय एकोणिसाव्या शतकातल्या सभा आणि नियतकालिकांनी केली. महादेव गोविंद रानडे १८४२ चे, गोपाळ कृष्ण गोखले १८६६ चे. या जोडीकडे आपण गुरू-शिष्य म्हणूनच पाहतो आणि तिथेच चुकतो. रानडे सरकारी नोकर, १८९३ पासून हायकोर्टाचे न्यायमूर्ती. सरकारला जाब विचारायला उघडपणे पुढे येणे त्यांना शक्य नव्हते. गोखल्यांची गणितावर पकड होती, पण देशाच्या अर्थकारणाचा आवाका नव्हता. विशीतच त्यांच्याकडे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे काम आले, १८९० मध्ये ते सभेचे चिटणीस झाले. १८९७ मध्ये सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला लंडनला गेले ते तिशीतले गोखले. त्या साक्षीमागे रानडे आणि ग. व्यं. जोशी या दोन वडीलधाऱ्यांची मेहनत होती. यात कोण कोणाला शिकवत होते? दोन्ही पिढ्या सरकारच्या जमाखर्चाशी झुंजत होत्या.

गोखले स्वतः रानड्यांना गुरू मानत, हा आक्षेप रास्त आहे. पण वडील माणसाशी जडलेल्या अशा नात्याला मराठीत दुसरा शब्द आहे कुठे? शब्दापेक्षा व्यवहार पाहावा. ही बरोबरी म्हणजे रानड्यांच्या स्वभावाचा गुण होता म्हणावे, तर त्यांच्याच घरात पत्नी रमाबाई होत्या, वीस वर्षांनी लहान. त्यांना रानड्यांनी कळकळीने शिकवले, पण सभेच्या कामात गोखल्यांना मिळाली ती जागा त्यांना नव्हती. माणूस तोच, अंतरही जवळपास तेवढेच. फरक मधल्या कामाचा. ती सभा मुख्यतः ठरावीक जातीच्या, शिकलेल्या पुरुषांची होती, हेही मान्य करावे लागते. त्यावरून एवढेच कळते की मैत्रीचे दार कामाच्या दारातूनच उघडते, आणि ते दार कोणाला बंद आहे हे आधी पाहायला हवे.

आज आपण ज्येष्ठांचा संघ वेगळा काढतो, तरुणांचे मंडळ वेगळे, आणि वर्षातून एकदा ‘पिढ्यांचा संवाद’ म्हणून व्यासपीठावर खुर्च्या मांडतो. त्यापेक्षा गावच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीत विशीतला आणि सत्तरीतला दोघे घ्यावेत आणि वर्षाचा हिशेब दोघांच्या सहीने मांडायला लावावा. बेरीज जुळेपर्यंत त्यांना बोलावेच लागेल.