पान्हा

सूनबाई बाळंत होऊन घरी आली, तेव्हाची गोष्ट. तीन दिवस झाले तरी दूध पुरेसे उतरेना. बाळ रडे, तीही रडे. मी नेमाने हरिपाठ म्हणणारी; पण तोंडून निघून गेलेच, ‘‘आईला मायाच नसेल तर पान्हा फुटेल कसा?’’

दुसऱ्या दिवशी अंबरनाथमध्येच तपासणीला गेलो. तिथल्या सिस्टरने बाळाला तिच्या उघड्या छातीशी दिले आणि मला म्हणाल्या, ‘‘आजी, तुम्ही जरा बाहेर बसा.’’ अर्ध्या तासाने त्यांनी मला समजावले ते असे. दूध तयार होणे वेगळे आणि ते खाली उतरणे वेगळे. बाळ चोखू लागले, कधी नुसते रडले, तरी आईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन रक्तात येते आणि स्तनातल्या बारीक पेशी आवळून दूध पुढे ढकलते. भीती, वेदना, काळजी असली की हेच अडते. म्हणजे पान्हा अडवण्यात माझ्या जिभेचाही वाटा होता!

हे द्रव्य १९५३ साली डु विन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवले, १९५५ साली त्यांना नोबेल मिळाले. नऊ अमिनो आम्लांची एक साखळी, बस. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवून ते बायकांचे जीव वाचवते. तबेल्यात मात्र पारडू नसलेल्या म्हशीला त्याचीच सुई चोरून टोचतात. म्हैस दूध देते. त्या दुधाला माया कोण म्हणेल? मग दूध आले म्हणजे माया आली असे नसेल, तर दूध अडले म्हणजे माया नाही, हे मी कशाच्या बळावर बोलले?

सोमवारी शिवमंदिरात गेले. तिथे गाभारा खाली आहे, पायऱ्या उतरून जावे लागते. गुडघे दुखतात, म्हणून सावकाश उतरले आणि उतरता उतरता दुसरीच गोष्ट टोचू लागली. काही प्रयोगांत असे दिसले आहे की याच द्रव्याने माणूस आपल्या माणसांकडे अधिक झुकतो. परक्याला त्यातला वाटा मिळतोच असे नाही. पिलांची आई अंगावर धावून येते, तेही आपण पाहतोच. माझे तसेच झाले होते. नातवाची ओढ खरीच होती, आणि त्या ओढीच्या भरातच मी परक्या घरून आलेल्या लेकीवर धावून गेले. माया कमी पडली म्हणून नव्हे, ती एकाच्याच वाट्याला गेली म्हणून. वारीत अनोळखी माणसाच्या पायांना हात लावून ‘माउली’ म्हणते मी. ते शरीर आपोआप करीत नाही. कितीतरी वर्षे चालून अंगवळणी पडले आहे. घरात मात्र ते वळण उंबऱ्याशीच थांबले होते.

घरी आले. तिला ‘माउली’ म्हणावेसे वाटले, पण धीर झाला नाही. ‘‘चुकले माझे,’’ एवढेच म्हणाले. तिला गरम भाकरी वाढली, बाळ तिच्या मांडीवर दिले आणि दार लोटून बाहेर ओट्यावर बसले.