टर्मिनलमधले आप्तवाक्य

एखाद्या वेब ॲप्लिकेशनचा फ्रंटएंड आपल्या संगणकावर चालवायची रीत आता ठरून गेली आहे. गिटवरून प्रकल्प क्लोन करायचा, त्या फोल्डरात जाऊन ‘एनपीएम इन्स्टॉल’ ही आज्ञा द्यायची, मग ‘एनपीएम रन डेव्ह’. प्रकल्प ‘व्हीट’वर बांधलेला असेल तर लोकलहोस्टच्या ५१७३ या पोर्टवर पान उघडते. यातली इन्स्टॉलची पायरी तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. प्रकल्पाच्या यादीत पंधरा-वीस पॅकेजेसची नावे असतात, त्यांतले प्रत्येक दुसऱ्या काहींवर अवलंबून असते, ती आणखी काहींवर, आणि बघता बघता शेकडो अनोळखी माणसांनी लिहिलेला कोड आपल्या यंत्रावर उतरतो. तो कोणी वाचलेला नसतो. काही पॅकेजेस तर उतरतानाच आपली स्क्रिप्ट चालवतात, तीही आपल्याला असलेल्या सर्व परवानग्यांनिशी. हा कोड सांगतो तेच करील असे आपण त्या क्षणी मानतो. या मानण्याला ज्ञान म्हणायचे की नुसती श्रद्धा?

भारतीय दर्शनांत हा वाद शब्दप्रमाणाच्या निमित्ताने शतकानुशतके चालला. चार्वाकांनी प्रत्यक्षापलीकडे काही मानले नाही. वैशेषिकांनी आणि दिङ्नागासारख्या बौद्ध आचार्यांनी शब्दाला अनुमानातच जागा दिली. नैयायिकांनी मात्र शब्द हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि अट घातली की सांगणारा आप्त हवा. ज्याला त्या वस्तूचे साक्षात ज्ञान आहे आणि ती जशी आहे तशीच सांगण्याची इच्छा आहे, तो आप्त. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असे वात्स्यायनाने न्यायभाष्यात स्पष्ट केले आहे. मुक्त सॉफ्टवेअरचा सगळा व्यवहार या उदार व्याख्येवर उभा राहू शकतो. लिहिणारा कोण, कुठला, हे गौण. त्याला विषय कळतो का आणि तो सरळ सांगतो का, एवढेच पाहायचे. म्हणून अनोळखी माणसाचा कोड घेणे मुळातच अविवेकी आहे, असे मला वाटत नाही.

यावर आजचा चार्वाक म्हणेल की सगळा कोड स्वतः वाचा, मगच चालवा. शेकडो पॅकेजेस वाचणे एका माणसाच्या आवाक्याबाहेरचे आहे, पण खरी अडचण त्याहून खोल आहे. केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवून दिले की कंपायलरमध्येच खोट पेरली असेल तर मूळ कोडाची ओळ न् ओळ वाचूनही ती सापडणार नाही. वाचणाऱ्यालाही कुठेतरी दुसऱ्याच्या शब्दावर थांबावेच लागते. दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: पान नीट उघडले, बटणे चालली, आणखी काय हवे? न्यायमतातही ज्ञानाचे प्रामाण्य सफल प्रवृत्तीवरून ओळखतात. पाणी समजून गेलो आणि तहान भागली, तर ते ज्ञान खरे होते. पण २०१८ चे ‘इव्हेंट-स्ट्रीम’ प्रकरण या कसोटीची मर्यादा दाखवते. या लोकप्रिय पॅकेजच्या मूळ लेखकाने, स्वतः ते वापरत नसल्यामुळे, मदत देऊ करणाऱ्या एका अनोळखी व्यक्तीकडे त्याची जबाबदारी सोपवली. त्या व्यक्तीने ‘फ्लॅटमॅप-स्ट्रीम’ नावाचे एक छोटे अवलंबन जोडले. ते सुरुवातीला निर्दोष होते. पुढच्या आवृत्तीत मात्र ‘कोपे’ या बिटकॉइन वॉलेटवर डल्ला मारणारा कोड आला. कोपे सोडून इतर प्रकल्पांत तो कोड उलगडतच नव्हता. म्हणजे असंख्य लोकांची प्रवृत्ती सफल होत होती, पाने उघडत होती, आणि वक्ता आप्त उरला नव्हता. इतके लोक वापरतात म्हणून सुरक्षित असेल, हा युक्तिवादही तिथेच कोसळतो.

माझ्या मते चूक अनोळखी माणसावर विश्वास ठेवण्यात नव्हती. विश्वास कशावर ठेवला, यात ती होती. आप्तपण त्या वक्त्याचे, त्या विषयापुरते आणि त्या वाक्यापुरते असते. आपण ते नावाला चिकटवतो, आणि नाव तेच राहून बोलणारा बदलू शकतो. पॅकेजच्या यादीत आवृत्तीच्या आकड्याआधी जे काकपदासारखे चिन्ह असते, ते पुढे येणाऱ्या सुसंगत आवृत्त्यांनाही आगाऊ संमती देते. अजून उच्चारलेच न गेलेले वाक्य आपण प्रमाण मानून बसतो. फ्लॅटमॅप-स्ट्रीमची ०.१.० मान्य करताना ०.१.१ लाही दार उघडे राहिले होते. लॉकफाइल हे दार बंद करते: नेमकी आवृत्ती आणि तिच्या मजकुराचा हॅश नोंदवते, आणि ‘एनपीएम सीआय’ त्या नोंदीबाहेर जात नाही. पदपाठ, क्रमपाठ, घनपाठ यांनी वेदाचे अक्षर न् अक्षर जपले. अर्थ लावण्याचे काम मीमांसेकडेच राहिले. लॉकफाइलही अक्षरे जपते. ती अक्षरे सज्जन आहेत का, हे तिला कळत नाही.

ते कळायला कुमारिल भट्टांच्या मीमांसेतला विचार मला सर्वांत उपयोगी वाटतो. त्यांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते, जोवर त्याला बाधक ज्ञान उभे राहत नाही. हा भोळेपणा आहे, असा आरोप होऊ शकतो. पण या भूमिकेत ऐकणाऱ्यावर मोठे ओझे आहे: बाधक आले तर ते ऐकायला कान उघडे हवेत. इव्हेंट-स्ट्रीममधला कोड उघडा पडला तो कालबाह्य क्रिप्टो फंक्शन वापरल्याच्या एका इशाऱ्यामुळे. असे इशारे टर्मिनलवर रोज वाहत जातात आणि पान उघडले की कोणी मागे वळून पाहत नाही. कोणीतरी ती ओळ वाचली, हे फंक्शन इथे का, असे विचारले आणि माग काढत गेले. पॅकेज चालत होते, तरी त्या माणसाने शंका टाकून दिली नाही.