कल्याणची दोन कुटुंबे

बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण ही कल्याणी चालुक्यांची राजधानी. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत, म्हणजे 1076 ते 1126 या काळात, विज्ञानेश्वराने इथे याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. कलबुर्गी जिल्ह्यातले मर्तूर हे त्याचे गाव मानले जाते. पुढे साधारण अर्धशतकाने याच नगरीत बसवण्णा आणि शरणांची, म्हणजे त्यांच्यासोबतच्या शिवभक्तांची, चळवळ उभी राहिली. कुटुंब म्हणजे काय, या प्रश्नाची दोन वेगळी उत्तरे अशी एकाच गावातून निघाली. कुटुंब ही निसर्गाने घालून दिलेली, कधीच न बदललेली संस्था आहे असे आपण सहज धरून चालतो. कल्याणचा इतिहास मात्र सांगतो की कुटुंब हा आधी वाटणीचा नियम असतो: कुणाला काय मिळणार, कुणी कुणाशी लग्न करायचे, कुणाचे कष्ट कुणाच्या नावावर जमा व्हायचे. हा नियम माणसांनी ठरवला आणि त्यावर वादही पहिल्यापासून होत आला आहे.

मिताक्षरेचे म्हणणे असे की वडिलोपार्जित मालमत्तेवर मुलाचा हक्क जन्मतःच सुरू होतो, त्यासाठी बापाच्या मरणाची वाट पाहावी लागत नाही. बंगालमध्ये जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने याच्या उलट सांगितले. मिताक्षरेच्या प्रदेशात त्यामुळे बापाला जमीन मनमानी करून विकता येईना आणि बाप, मुलगे, नातू अशी पुरुषांची साखळी हेच कुटुंब ठरले. यावरून विज्ञानेश्वराला स्त्रियांचा शत्रू ठरवून मोकळे होणे सोपे आहे, पण ते खरे नाही. स्त्रीधनाची व्याख्या त्याने इतकी रुंद केली की वारशाने, खरेदीने, वाटणीने आलेले सगळे त्यात बसले. 1810 मध्ये कोलब्रुक या इंग्रज पंडिताने मिताक्षरेच्या दायविभागाचे इंग्रजी भाषांतर केले, त्याचा आधार कचेऱ्यांत घेतला जाऊ लागला आणि प्रिव्ही कौन्सिलने हीच व्याख्या आखडली. स्त्रीला वारशाने आलेली मालमत्ता तिचे स्त्रीधन नव्हे, असा दंडक पडला. मुंबई इलाख्यात काही स्त्री-वारसांपुरता जुना उदारपणा टिकला. मुलींना वाटा देणे ही पाश्चात्त्य कल्पना आहे असे जे म्हणतात, त्यांनी हा क्रम ध्यानात घ्यावा. निदान या एका बाबतीत बाराव्या शतकाचा पंडित एकोणिसाव्या शतकाच्या न्यायाधीशांच्या पुढे होता.

शरणांनी प्रश्न दुसऱ्याच टोकाकडून धरला. त्यांच्या लेखी घर हे कायक आणि दासोह यांचे ठिकाण होते: कष्ट करून मिळवायचे आणि गरजेपलीकडचे समाजाला द्यायचे. आयदक्की लक्कम्माची कथा या मुलखात घरोघर माहीत आहे. तिचा नवरा मारय्या सांडलेले तांदूळ वेचून उदरनिर्वाह करी. एके दिवशी त्याने रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्माने ते परत टाकून यायला लावले. घरात किती साठवावे याचा निर्णय इथे बायको देते, आणि तो साठवणुकीच्या विरोधात देते. मिताक्षरेचे कुटुंब ठेव सांभाळण्यासाठी बांधलेले, तर लक्कम्माचे घर ठेव नाकारणारे. पण खरा भडका उडाला तो लग्नावरून. चर्मकार समाजातील हरळय्याचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसाची मुलगी यांचा विवाह झाला. परंपरा सांगते की त्यापायी दोन्ही बापांना देहान्त शिक्षा झाली आणि शरण कल्याण सोडून पांगले. लग्न एका जोडप्याचे, पण हादरले राज्य. जात टिकते ती जातीअंतर्गत विवाहावर आणि त्यासाठी स्त्रियांवर घातलेल्या बंधनांवर, हे बाबासाहेब आंबेडकरांनी 1916 मध्ये कोलंबिया विद्यापीठातील निबंधात मांडले. कल्याणच्या राजसत्तेला ते आधीच उमगले होते.

समाजशास्त्राला इथवर पोचायला वेळ लागला. 1949 मध्ये मर्डॉकने अडीचशे समाजांची तुलना करून कुटुंबाची चार कामे सांगितली: लैंगिक संबंधांचे नियमन, प्रजनन, अर्थव्यवहार आणि शिक्षण. 1955 मध्ये पार्सन्सने दोन कामे मुख्य धरली: मुलांना समाजाचे वळण लावणे आणि मोठ्यांचे मन स्थिर ठेवणे. कुटुंब काय करते हे या मंडळींनी नीट सांगितले, पण कुणाच्या जिवावर करते हे विचारले नाही. आपल्याकडे इरावती कर्व्यांनी 1953 च्या ग्रंथात एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म अशी एकत्र कुटुंबाची खूण सांगितली. पुढे आय. पी. देसाईंनी दाखवले की चुली वेगळ्या झाल्या तरी देणेघेणे आणि जबाबदाऱ्या एकत्र राहू शकतात. ए. एम. शहांनी घर आणि कुटुंब यांत फरक करून, पूर्वी सगळे एकत्रच नांदत होते या समजाला जुन्या नोंदींच्या आधारे धक्का दिला. ‘कुटुंबे मोडत चालली’ हा आजचा विलाप निम्मा तरी या गफलतीतून येतो.

कर्व्यांच्या नकाशात महाराष्ट्र हा उत्तर आणि दक्षिणेच्या सांध्यावर आहे. बीदर-कलबुर्गी तर सांध्याचाही सांधा. मामाची मुलगी करणे मराठी घरांत चालते, मामा-भाचीचे लग्न मात्र वर्ज्य. शेजारच्या कानडी घरांत तेही रीतीला धरून आहे. आईकडून पाच आणि बापाकडून सात पिढ्या टाळा असे विज्ञानेश्वराने लिहिले, आणि त्याच्याच मुलखाने ते मानले नाही. 1 नोव्हेंबर 1956 ला जुन्या बीदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, भालकी, हुमनाबाद म्हैसूर राज्यात गेले. सोयरीक सीमेच्या दोन्ही बाजूंनी चालूच राहिली.

त्याच वर्षी हिंदू उत्तराधिकार कायदा आला, पण त्याने मिताक्षरेची पुरुषसाखळी तशीच ठेवली. नऊ एकर वडिलोपार्जित तुरीचे रान, आई हयात नाही, बाप वारला, मागे दोन मुलगे आणि एक मुलगी. 1956 च्या हिशोबाने प्रत्येक मुलाला चार एकर, मुलीला एक. 1994 मध्ये कर्नाटक आणि महाराष्ट्र दोघांनीही मुलीला जन्मसिद्ध हक्क दिला, मात्र आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने ती अट काढली आणि 11 ऑगस्ट 2020 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने उरलेला संशय फेडला. आता तिघांना तीन-तीन एकर. विज्ञानेश्वराचा जन्महक्काचा सिद्धान्त मोडला नाही, तो मुलीपर्यंत नेला गेला.

यावर पहिली हरकत येते ती जमिनीच्या तुकड्यांची. जिराईत रानाचे आणखी तुकडे परवडत नाहीत हे खरे आहे. पण चार भावांत वाटणी होते तेव्हा ही हरकत कुणी घेत नाही, म्हणून ती मुलीपुरती मानता येत नाही. दुसरी हरकत अधिक वजनाची आहे. सरकारी आधार तुटपुंजा असलेल्या या कोरडवाहू पट्ट्यात म्हातारपण, आजारपण, हुकलेला पाऊसकाळ यांत कुटुंबच धावून येते, आणि हक्काची भाषा ही माया आटवते असे म्हणतात. कुटुंबाचा आधार मी कमी लेखत नाही. फक्त तो आधार कोण देते ते पाहावे. कर्ता मुलगा हैदराबादला किंवा पुण्याला कामाला गेला की सासू-सासऱ्यांचे औषधपाणी, गुरे, खुरपणी सुनेवर येते. या सेवेवर घर उभे आहे आणि पहाणीत, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यात, तिचे नाव नाही. नवऱ्याच्या कुटुंबात तिला जन्महक्क नाही, कारण ती तिथे जन्मली नाही. जिथे जन्मली तिथला कायद्याने मिळालेला वाटा ती हक्कसोडपत्रावर सही करून भावांना देते, कारण नाही दिला तर पंचमीला न्यायला कुणी येणार नाही, बाळंतपणाला दार उघडणार नाही, अशी धास्ती असते. दोन्ही घरे तिच्या कष्टावर चालतात आणि कागदावर ती दोन्हीकडून बाहेर राहते. माया आटते म्हणणाऱ्यांनी हे सांगावे की ती टिकवण्याची किंमत एकट्या बहिणीनेच का भरायची.