एका बोटींत दोन ओझीं

सन १९१५ च्या आक्टोबरच्या १९ व्या तारखेस मिसर देशांतील आलेक्झांद्रिया बंदरांतून 'मार्क्वेट' नांवाची आगबोट सलोनिकास जावयास निघाली. प्रेषित पौलानें ज्या थेस्सलनीकाकरांस पत्रें लिहिलीं त्यांचेंच हें शहर. बोटीवर न्यूझीलंडच्या एका लष्करी इस्पितळाची मंडळी होती व तींत ३६ नर्सबाया होत्या. त्याच बोटीवर ब्रिटिश तोफखान्याची दारूगोळा नेणारी तुकडी व तिचीं शेंकडों खेचरें होतीं. ता. २३ रोजीं सकाळीं जर्मन पाणबुडीनें सोडलेला पाणतीर बोटीच्या कुशींत लागला, आणि सुमारें पंधरा मिनिटांत ती तळास गेली. होड्या सोडतांना एक होडी दुसरीवर आदळली व तींतील कांहीं बायांचा तेथेंच अंत झाला. दुसऱ्या कित्येक, फळ्या धरून तासन्‌तास पाण्यांत होत्या. एकंदर १६७ माणसें मेलीं. त्यांत १० नर्सबाया.

हा दोष कोणाचा? शत्रूचा, असें म्हणून आम्हांस मोकळें होतां येत नाहीं. सन १९०७ च्या हेग येथील करारानें इस्पितळी जहाजांस अभय होतें. असें जहाज पांढरें रंगवून त्याच्या कुशीवर हिरवा पट्टा व तांबडे क्रूस काढीत, म्हणजे तें दुरून ओळखूं यावें. मार्क्वेटवर ही खूण नव्हती, आणि असणें योग्यही नव्हतें. दारूगोळ्यावर क्रूस काढणें ही उघड लबाडी झाली असती. पाणबुडीवाल्यानें पाहिली ती सैन्याची बोट, आणि ती सैन्याचीच होती.

आपल्या गांवांत अडलेल्या बाईस इस्पितळांत न्यावयाचें आहे, आणि गाडी तिकडेच जाते म्हणून विहिरीच्या सुरुंगाची दारूही कोणी तींतच भरली, तर त्यास आपण काय म्हणूं? त्याच्या मनांत वाईट नव्हतें. त्याला एक खेप वांचवावयाची होती. बहुतेक हयगय अशीच असते. तिला राग नसतो, द्वेष नसतो, म्हणून ती करणारास रात्रीं झोंपही लागते.

कोणी म्हणेल, त्या बाया स्वखुषीनें युद्धांत गेल्या होत्या. खरें आहे. परंतु जो आपला जीव धोक्यांत घालावयास तयार आहे, त्याच्या जिवाची काळजी पाठविणारानें कमी करावी कीं अधिक? आम्हांस तर अधिकच वाटते. येथें एक गोष्ट मनास टोंचते. खेचरें हांकणाऱ्या शिपायांच्या आयाही घरीं वाट पाहत होत्या, आणि त्यांस अभय देणारा करार कोठेंच नव्हता. याचें उत्तर आम्हांजवळ नाहीं.

क्राइस्टचर्च शहरांतील इस्पितळाच्या आवारांत सन १९२७ मध्यें बांधलेलें एक लहान उपासनामंदिर आहे. बुडालेल्यांपैकीं तिघींची आठवण तेथें राखिली आहे. बोट बुडाल्यावर पुढल्याच महिन्यांत न्यूझीलंडचे गव्हर्नर लॉर्ड लिव्हरपूल यांनीं लंडनच्या युद्धखात्यास लिहिलें कीं, यापुढें आमच्या इस्पितळांची मंडळी शक्य तोंवर इस्पितळी जहाजांतूनच न्यावी. पत्र योग्यच होतें. तें आक्टोबरच्या आरंभीं लिहावयास कांहीं अधिक शाई लागली नसती.