बक्षीस हातचे गेल्यावर

एखादे काम हाती घेतले, मोठ्या कष्टाने बहुतेक तडीस नेले, आणि त्याचे फळ डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या पदरी पडले, तर मनुष्याने पुढे काय करावे? काम तेथेच टाकून उठावे, की ते शेवटास न्यावे? आणि शेवटास नेले तर त्यास चिकाटी म्हणावे, की केवळ हट्ट? हा प्रश्न प्रत्येकाच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येतो. त्याचा विचार करताना एका तरुण स्त्रीची खरी हकीकत उपयोगी पडेल असे वाटते.

ट्रायथलॉन नावाची एक शर्यत आहे. तीत पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे ही तिन्ही कामे एकामागून एक सलग करावी लागतात. हल्लीच्या स्वरूपातील अशी पहिली शर्यत अमेरिकेतील सॅन डिएगो येथे 1974 साली झाली, आणि 2000 साली सिडनी येथील ऑलिंपिक सामन्यांत तीस स्थान मिळाले. परंतु 1978 साली हवाई बेटांत हिचाच एक अतिशय कठीण प्रकार सुरू झाला. समुद्रात 2.4 मैल पोहावयाचे, मग सायकलीवर 112 मैल जावयाचे, आणि त्यानंतर 26.2 मैल धावावयाचे. त्या पहिल्या वर्षी अवघे 15 जण उतरले, व त्यांपैकी 12 जणांनी ती पुरी केली.

1982 सालच्या फेब्रुवारी महिन्यात ह्या शर्यतीत जूली मॉस नावाची 23 वर्षांची विद्यार्थिनी प्रथमच उतरली. व्यायामाने शरीरावर काय परिणाम होतो ह्याचा अभ्यास ती करीत असे, आणि त्या विषयावरील आपल्या प्रबंधासाठीच ती तेथे आली होती. परंतु वाटेत असे घडले की, सर्व स्त्रियांच्या पुढे तीच आहे असे दिसून आले. तेव्हा जी अनुभव घेण्यास आली होती, ती जिंकण्यासाठी धावू लागली.

मनुष्याच्या शरीराचे सामर्थ्य मोजके असते. यकृतात व स्नायूंत साठविलेली साखर काही तासांच्या श्रमाने संपत येते. घामावाटे पाणी व क्षार निघून जातात. मग इच्छा कितीही प्रबळ असो, पाय तिचे ऐकत नाहीत. जूलीचे तसेच झाले. शेवटची रेषा जवळ आली असता ती कोसळली. उठली, चालली, आणि पुन्हा पडली. रेषा काही पावलांवर राहिली असता कॅथलीन मॅकार्टनी नावाची दुसरी तरुणी तिच्या जवळून पुढे गेली व पहिली आली. बक्षीस गेले. तरी जूली हातांवर व गुडघ्यांवर रांगत पुढे सरकली, आणि 29 सेकंदांनंतर तिने ती रेषा ओलांडली.

येथे कोणी विचारील, ह्यात मोठेपणा तो कोणता? शेतकरी उन्हात राबतो तो धान्यासाठी. हमाल पाठीवर ओझे घेतो तो लेकरांच्या पोटासाठी. रस्त्यावर आखलेल्या एका रेषेपर्यंत रांगत गेल्याने कोणाची भूक भागली? हा आक्षेप हलका नाही, आणि त्यास हसून उत्तर देणे योग्य होणार नाही.

आमचे म्हणणे असे आहे. जोपर्यंत बक्षीस मिळण्याची आशा असते, तोपर्यंत आपण कशासाठी झटत आहो हे आपले आपणासही नीट कळत नाही. कामाची आवड आणि मोबदल्याचा लोभ ही दोन्ही एकाच जुवाखाली चालतात, आणि गाडा कोण ओढीत आहे हे ओळखता येत नाही. मोबदला गेला म्हणजे एक बैल सुटतो. मग गाडा चालला तर दुसऱ्याच्या बळाची साक्ष पटते. जूलीची ती अखेरची काही पावले अशी साक्ष होती. शर्यत पुरी करीन हा तिचा संकल्प होता. तो ऐकण्यास दुसरा कोणी नव्हता, तरी आपल्याच मनाशी केलेला करार हाही करारच आहे. जो तो सहज मोडतो, त्यास शेजाऱ्याशी केलेला करार पाळणेही हळूहळू जड जाऊ लागते.

परंतु ह्यावरून कोणी असा बोध घेऊ नये की, पडणे व रांगणे हीच थोरवी आहे. हा प्रसंग टेलिव्हिजनवर दाखविला गेला, तेव्हा पाहणाऱ्यांची मने हेलावली, आणि रांगणारीचे नाव जिंकणारीहून अधिक गाजले. ह्यात मॅकार्टनीवर थोडा अन्याय झाला असे आम्हांस वाटते. तिनेही तितकेच अंतर कापले होते, आणि अखेरपर्यंत पायांवर उभे राहण्यापुरती शक्ती तिच्यात शिल्लक होती. अश्रू पाहून आपण लवकर द्रवतो. बेताने चालून काम पुरे करणाऱ्याकडे आपले लक्ष जात नाही. गावोगावी असे स्त्रीपुरुष आहेत, आणि त्यांस कोणी टाळ्या वाजवीत नाही.

तर मग चिकाटी आणि हट्ट ह्यांतील भेद कसा ओळखावा? किती दुःख सोसले ह्यावरून तो ठरत नाही. त्या सोसण्याची किंमत कोण भरतो हे विचारावे. माझ्या निश्चयाचे मोल मीच देत असेन, तर ती चिकाटी होय. परंतु मी अंथरुणास खिळल्याने घरची चूल विझणार असेल, किंवा माझ्या अभिमानापायी दुसऱ्याचे नुकसान होणार असेल, तर तो हट्ट होय, आणि तेथे थांबणे हाच धर्म आहे. ज्याने वैद्याचे ऐकून वाटेतच शर्यत सोडली, त्यास भित्रा म्हणण्याचा अधिकार कोणासही नाही. सोडणे हेही कधी कधी धैर्याचेच काम असते.

ज्याने वर्षभर रात्रीची शाळा चालविली, आणि जिची वाहवा शेवटी दुसऱ्याची झाली. ज्याने विहीर खणली, आणि पाणी लागण्यापूर्वीच ज्याच्या हातची कुदळ दुसऱ्याने घेतली, त्याने ही हकीकत मनात ठेवावी. शाळेत उद्याही मुले येतील. त्यांच्यासाठी दिवा लावावयाचा की नाही, हे वाहवा कोणाची झाली ह्यावर ठरू नये.